बारा रात्री वजा चार शहरं: रेल्वेने पहिला युरोप

युरोपला जायचं ठरलं की घरात सगळ्यात आधी यादी तयार होते. पॅरिस हवंच. स्वित्झर्लंडसाठी तर सगळा खटाटोप. व्हेनिस आणि रोम ओघाने आलेच. मग कुणी ॲमस्टरडॅमच्या ट्यूलिपचे फोटो पाठवतं, भाचा म्हणतो प्राग स्वस्त आहे, आणि "एवढं विमानाचं तिकीट काढून जातोय तर" या एका वाक्याच्या आधाराने बार्सिलोनाही आत शिरतं. हाताशी असतात दोन आठवडे. नकाशावर शहरं एकमेकांना खेटून दिसतात, गाड्या ताशी तीनशे किलोमीटरने धावतात, त्यामुळे जमेल असं वाटतं.

ते जमत नाही, आणि का जमत नाही हे एका वजाबाकीत सांगता येतं. एखाद्या शहरात तीन रात्री राहिलात तर तिथले पूर्ण दिवस दोनच मिळतात. पोहोचायचा आणि निघायचा, हे दोन्ही दिवस अर्धेमुर्धे जातात. म्हणून सहलीतले पूर्ण दिवस म्हणजे एकूण रात्री वजा शहरांची संख्या. बारा रात्रींत वरची सातही शहरं कोंबली तर हाती पाच पूर्ण दिवस उरतात. तेवढ्याच रात्रींत चार शहरं घेतली तर आठ. विमानाचा खर्च तोच, व्हिसाचा खर्च तोच, हॉटेलच्या रात्री तेवढ्याच. फरक फक्त यादीच्या लांबीचा.

"पण पॅरिसहून स्वित्झर्लंड तर चार तासांवर आहे ना?" आहे. त्या चार तासांचा दिवस प्रत्यक्षात कसा जातो ते बघा. सकाळी उठून बॅगा भरायच्या, न्याहारी करायची, खोली सोडायची. मेट्रोने किंवा टॅक्सीने स्थानक गाठायला पाऊण तास, आणि गाडीच्या अर्धा तास आधी तिथे असलेलं बरं. पॅरिस ते बासेल टीजीव्हीने, म्हणजे फ्रान्सच्या वेगवान गाडीने, तीन तासांहून थोडं जास्त. बासेलला गाडी बदलायची, पुढे ल्युसर्नपर्यंत साधारण एक तास. उतरून हॉटेल शोधायचं. घड्याळात तीन-साडेतीन वाजलेले असतात आणि सगळ्यांना एकाच वेळी भूक लागलेली असते. हा प्रवास सुंदर आहे, तो टाळा असं मी म्हणत नाही. त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका, एवढंच.

एक जमणारा आराखडा

पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबासाठी मी हा मार्ग सुचवेन: पॅरिसला चार रात्री, ल्युसर्नला तीन, फ्लोरेन्सला दोन, रोमला तीन. उतरायचं पॅरिसला, परतीचं विमान रोमहून. विमानाच्या संकेतस्थळावर 'मल्टी-सिटी' हा पर्याय असतो, त्यात मुंबई-पॅरिस आणि रोम-मुंबई असं एकाच तिकिटात मिळतं. बऱ्याचदा ते पॅरिस-पॅरिस तिकिटापेक्षा फारसं महाग नसतं. थोडं महाग पडलं तरी रोमहून पॅरिसला उलटं यायचा एक अख्खा दिवस आणि त्याचं भाडं वाचतं.

पॅरिसला चार रात्री का? पहिला दिवस झोपेचा असतो, मान्य करा अथवा करू नका. शिवाय तिथे सुट्टीचे वार सांभाळावे लागतात. लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद, ओर्से संग्रहालय आणि व्हर्सायचा राजवाडा सोमवारी बंद. सोमवार-मंगळवार दोन्ही पॅरिसमध्ये येणार असतील तर ते दिवस सेन नदीच्या काठाने भटकायला आणि आयफेल टॉवरला ठेवा. पुढच्या शहरांतही हीच गोम आहे. फ्लोरेन्सचं उफ्फिझी हे कलादालन सोमवारी बंद, आणि व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्यातला शेवटचा रविवार सोडून बाकी रविवारी बंद. विमानाची तारीख ठरवण्याआधी ही चार-पाच नावं कॅलेंडरवर मांडून पाहिली तर नंतरची चिडचिड वाचते.

स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्न निवडलं ते तिथल्या स्थानकामुळे. बाहेर पाऊल टाकलं की समोर तळं, बोटींचा धक्का, आणि पाच मिनिटांवर तो जुना लाकडी पूल. रिगी, पिलाटस आणि टिटलिस हे तिन्ही डोंगर इथून सकाळी निघून संध्याकाळी परतण्याजोगे आहेत. टिटलिसच्या पायथ्याचं एंगेलबर्ग गाडीने पाऊण तासावर. रिगीवर १८७१ पासून दातेरी रुळांची गाडी चढते आहे, युरोपातली ती पहिली पर्वतीय रेल्वे. युंगफ्राऊयोख, म्हणजे ३४५४ मीटरवरचं ते प्रसिद्ध स्थानक, ल्युसर्नहून एका दिवसात होतं, पण फार दमवतं आणि फार महाग आहे. ते हवंच असेल तर मुक्काम इंटरलाकेनजवळ हलवा. दोन्हीकडे थोडं थोडं राहू म्हणाल तर वजाबाकीत आणखी एक शहर वाढलं.

डोंगराचं तिकीट मात्र घरबसल्या काढू नका. तिथल्या शिखरांवरचे कॅमेरे इंटरनेटवर चालू असतात. सकाळी उठून बघायचं, ढग असतील तर बोटीत बसायचं, ऊन असेल तर वर जायचं. दोन पूर्ण दिवस हातात असण्याचा खरा फायदा हाच आहे. एक पावसात गेला तरी दुसरा शिल्लक राहतो.

आणि व्हेनिस? यावर घराघरांत भांडणं होतात. माझं मत असं, की चित्रं-शिल्पं यांत घरातल्या कुणालाच रस नसेल तर फ्लोरेन्सच्या जागी दोन रात्री व्हेनिसला द्या. दोन्ही ठेवायची असतील तर पॅरिसची एक रात्र कमी करून नव्हे, सुट्टी दोन रात्रींनी वाढवून ठेवा. व्हेनिसला राहताना हॉटेलचा पत्ता नीट वाचा. मेस्त्रे हे स्थानक मुख्य भूमीवर आहे, तिथली हॉटेलं स्वस्त असतात. कालव्यांचं व्हेनिस म्हणजे सांता लुचिया हे शेवटचं स्थानक, पुलावरून दहा मिनिटं पुढे. २०२४ पासून ठरावीक गर्दीच्या दिवशी नुसतं दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून प्रवेश शुल्कही घेतात. मुक्कामाला असलेल्यांना ते माफ आहे, पण तशी नोंद आधी ऑनलाइन करावी लागते.

महिन्याचं म्हणाल तर महाराष्ट्रातल्या शाळांची मे महिन्याची सुट्टी या मार्गाला चांगली जुळते. दिवस मोठे असतात, इटली अजून भाजत नसते, डोंगरांवर बर्फही असतो. फक्त १ मेला पॅरिसमध्ये असू नका, त्या दिवशी बरंच काही बंद असतं. दिवाळीच्या सुट्टीत गर्दी कमी असते, पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि पाच-साडेपाचलाच अंधार पडू लागतो.

व्हिसा आधी, तिकीट नंतर

या मार्गावरचे तिन्ही देश शेंगेन या सामाईक व्हिसाच्या गटात आहेत. युरोपीय संघात नसलेलं स्वित्झर्लंडसुद्धा. त्यामुळे व्हिसा एकच लागतो. मात्र तो मागायचा कुणाकडे? जिथे मुक्काम सर्वांत जास्त, त्या देशाकडे. उतरता पॅरिसला म्हणून फ्रान्सकडे अर्ज करायचा, असं पुष्कळांना वाटतं. वरच्या आराखड्यात फ्रान्समध्ये चार रात्री आहेत आणि इटलीत दोन अधिक तीन म्हणजे पाच. अर्ज इटलीकडे करायला हवा. मुक्काम समसमान निघाला, तरच पहिल्यांदा ज्या देशात पाऊल टाकता तो देश धरायचा. म्हणजे रोमची एक रात्र इकडची तिकडे केली तरी अर्जाचा पत्ता बदलू शकतो. मार्ग पक्का केल्याशिवाय अर्जाच्या भेटीची वेळ घेऊ नका ती याचसाठी. लंडन या व्हिसात येत नाही, ब्रिटनचा व्हिसा वेगळा.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला नियमाप्रमाणे पंधरा दिवस लागतात, पण प्रकरण अडलं तर ते पंचेचाळीसपर्यंत जाऊ शकतात. उन्हाळ्याच्या तोंडावर मुंबई-पुण्याच्या अर्ज केंद्रांत भेटीची वेळच मिळत नाही, ही निराळी अडचण. शुल्क २०२४ च्या जूनपासून मोठ्या माणसाला ९० युरो. किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवासी वैद्यकीय विमा लागतो.

इथे एक पेच आहे. रेल्वेची स्वस्त तिकिटं लवकर संपतात आणि बहुधा परत करता येत नाहीत. व्हिसा नाकारला गेला तर ते पैसे बुडाले. सुदैवाने दोन्हींची वेळ जुळवता येते. फ्रान्स-इटलीच्या वेगवान गाड्यांचं आरक्षण साधारण तीन-चार महिने आधी उघडतं. मेच्या मध्यावर निघायचं असेल तर व्हिसाचा अर्ज जानेवारीत करा, हॉटेलं फुकट रद्द होणारी घ्या, अर्जासोबत दिवसवार आराखडा द्या, आणि पासपोर्ट हातात आला की त्याच आठवड्यात गाड्यांची तिकिटं काढा.

तिकीट की पास

भारतीय रेल्वेत भाडं बहुतेक ठरलेलं असतं आणि जागेची चिंता असते. तिकडे वेगवान गाड्यांना जागा बहुधा मिळते, चिंता भाड्याची करायची. वेटिंग लिस्ट नाही, आरएसी नाही. गाडी भरत जाईल तसं भाडं चढत जातं. पॅरिस-बासेलचं लवकर घेतलेलं तिकीट तीस-चाळीस युरोंच्या आसपास मिळू शकतं, आयत्या वेळी त्याचे तिप्पट-चौपट मोजावे लागतात. स्वस्त तिकीट त्या एकाच गाडीला बांधलेलं असतं. तुमच्या चुकीने ती सुटली तर ते तिकीट पुढच्या गाडीला चालत नाही.

ही चढउतार सगळ्या गाड्यांना नाही, हे लक्षात ठेवलं की डोक्यावरचं ओझं बरंच हलकं होतं. इटलीतल्या छोट्या पल्ल्याच्या प्रादेशिक गाड्यांचं भाडं ठरलेलं असतं. फ्लोरेन्सहून पिसा बघून यायचं तर त्याच दिवशी तिकीट काढलं तरी चालतं. छापील तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात ते शिक्का मारून घ्यायचं असतं. नाही मारलात तर दंड होतो, आणि "आम्हाला माहीत नव्हतं" तिथे कुणी ऐकून घेत नाही. स्वित्झर्लंडमध्येही देशांतर्गत गाड्यांना आरक्षण लागत नाही. गाड्या ठरावीक अंतराने येत राहतात, एक सुटली तर पुढची अर्ध्या किंवा एका तासात.

आता युरेल पास. युरोपबाहेरच्या लोकांसाठी असलेल्या या पासाची कीर्ती मोठी आहे, आणि पहिल्या सहलीला तो हमखास घ्यायचा असतो असा समज आहे. ग्लोबल पास ३३ देशांत चालतो. 'महिन्याभरात कोणतेही चार प्रवासदिवस' अशा धर्तीवर तो मिळतो आणि प्रवासदिवस म्हणजे मध्यरात्र ते मध्यरात्र. पण पास म्हणजे आरक्षण नव्हे. टीजीव्ही, युरोस्टार आणि इटलीची फ्रेचारोसा यांना पास असूनही आरक्षणाचे वेगळे पैसे पडतात. पॅरिसहून स्वित्झर्लंडला जाणाऱ्या टीजीव्हीत तर पासधारकांसाठीच्या जागा मोजक्याच असतात. इटलीत खासगी कंपनीची इतालो ही गाडी धावते, तिच्यात युरेल चालतच नाही.

आपल्या मार्गावर लांबचे प्रवास तीनच आहेत: पॅरिस-ल्युसर्न, ल्युसर्न-फ्लोरेन्स आणि फ्लोरेन्स-रोम. त्यातला शेवटचा जेमतेम दीड तासाचा. तीन प्रवासांसाठी पास घेणं बहुतेकदा तोट्याचं पडतं, आधी काढलेली सुटी तिकिटंच बरी. पास शोभतो तो जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड असं मनाला येईल तसं फिरणाऱ्याला, कारण तिथल्या बहुतेक गाड्यांना आरक्षणाची सक्ती नाही. आणि लहान मुलं बरोबर असतील तर हिशेब पुन्हा मांडा. बारा वर्षांखालच्या मुलांना मोठ्या माणसाबरोबर युरेल पास मोफत मिळतो, मात्र त्यांच्या आरक्षणाचे पैसे भरावे लागतात.

स्वित्झर्लंडपुरता स्विस ट्रॅव्हल पास वेगळा. तीन सलग दिवसांचा दुसऱ्या वर्गाचा पास अडीचशे फ्रँकच्या आसपास पडतो. गाड्या, बस, तळ्यावरच्या बोटी आणि रिगीचा डोंगर त्यात येतो. टिटलिसला अर्धी सवलत मिळते, युंगफ्राऊयोखला फक्त शेवटच्या टप्प्यावर पाव. रिगी आणि बोट हाच बेत असेल तर पास घ्या, नुसतं टिटलिस करायचं असेल तर आधी सुट्या तिकिटांची बेरीज करून पाहा.

स्थानकं, फलाट, बॅगा

मुंबईत गाडी सीएसएमटीहून आहे की लोकमान्य टिळक टर्मिनसहून हे न बघता घराबाहेर कुणी पडत नाही. पॅरिसमध्ये तीच सवय ठेवा. तिथे सहा-सात मोठी स्थानकं आहेत आणि प्रत्येकाची दिशा ठरलेली आहे. ॲमस्टरडॅम आणि लंडनच्या गाड्या गार द्यू नोरहून, स्वित्झर्लंडच्या गार द लियोंहून. हे गार द लियों पॅरिसमध्येच आहे, लियों शहरात नाही. पाट्यांवर शहरांची नावं तिथल्या भाषेत असतात, म्हणून तिकीट शोधताना फ्लोरेन्स 'फिरेन्झे' आणि व्हेनिस 'व्हेनेत्सिया' असं दिसलं तर दचकू नका.

फलाटाचा नंबर पॅरिसमध्ये साधारण वीस मिनिटं आधी लागतो, तोवर सगळे पडद्याकडे मान वर करून उभे असतात. टीजीव्हीचे दरवाजे सुटण्याच्या दोन मिनिटं आधी बंद होतात. दहा बावन्नची गाडी म्हणजे दहा पन्नासला तुम्ही आत असायला हवं. डबा क्रमांक तिकिटावर असतो, तो बघूनच चढा. काही गाड्या वाटेत दोन तुकडे होऊन वेगवेगळ्या गावांना जातात, तेव्हा "आधी चढू, मग आतून चालत जाऊ" हा आपला उपाय कामाला येत नाही.

बॅगेचा नियम एका ओळीचा आहे: जी बॅग तुम्ही स्वतः उचलून तीन पायऱ्या चढू शकता, तीच घ्या. हमाल जवळजवळ कुठेच नाहीत, बऱ्याच मेट्रो स्थानकांत सरकता जिना नाही, गाडी दोन-तीन मिनिटंच थांबते, आणि व्हेनिसच्या पुलांना पायऱ्या आहेत. वयस्कर आई-वडील बरोबर असतील तर त्यांची बॅग कोण उचलणार हे निघण्याआधी ठरवा. चार शहरं घेतल्याने हा सोहळा तीन वेळाच करावा लागतो, हेही त्या वजाबाकीचंच देणं.

त्या बॅगेत खाऊ भरताना जरा थांबा. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. पेढे, तूप, श्रीखंड घरीच ठेवा. हापूसही नाही, बहुतेक ताज्या फळांना आरोग्य प्रमाणपत्र लागतं. बाकरवडी, चकली, मेतकूट खुशाल न्या. स्वित्झर्लंडमध्ये उपाहारगृहाचं बिल पाहून घास अडकतो, तेव्हा मिग्रो किंवा कोप या किराणा दुकानांतला पाव, चीज, फळं आणि बॅगेतली चकली हे उत्तम जेवण होतं. रविवारी ती दुकानं बहुतेक बंद असतात, स्थानकातली मात्र उघडी मिळतात. पैसे तिथे फ्रँकमध्ये, युरो नव्हे. आणि फोनचा 'युरोप' पॅक घेताना स्वित्झर्लंड त्यात आहे का हे वेगळं तपासा, नसलेले पुष्कळ असतात.

ल्युसर्नहून मिलानमार्गे फ्लोरेन्सला जाताना गाडी गोथार्डच्या ५७ किलोमीटर लांब बोगद्यातून जाते. २०१६ साली तो सुरू झाला. अभियांत्रिकी म्हणून थोर, पण वीस मिनिटं खिडकीत स्वतःचाच चेहरा दिसतो. घाई नसेल तर वरच्या जुन्या मार्गाची गाडी आहे. तीही बोगद्यांतून वळसे घेत चढते आणि वासेन गावचं एकच चर्च तीन वेगवेगळ्या उंचींवरून दिसतं. त्याला एक-दोन तास जास्त लागतात. मी असतो तर ते दिले असते.

उशीर आणि संप

युरोपातल्या गाड्या घड्याळ लावून धावतात ही समजूत स्वित्झर्लंडपुरती ठीक आहे. जर्मनीत २०२४ साली दूर पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर पोहोचल्या, आणि 'वेळेवर' म्हणजे सहा मिनिटांच्या आतला उशीर. फार उशिरा आलेली जर्मन गाडी स्विस रेल्वे कधी कधी बासेललाच थांबवते, स्वतःचं वेळापत्रक बिघडू नये म्हणून. युरोपीय संघाच्या नियमांनुसार एक ते दोन तास उशीर झाला तर भाड्याच्या २५ टक्के आणि दोन तासांहून जास्त झाला तर ५० टक्के भरपाई मागता येते, काही अपवाद वगळून. म्हणून ल्युसर्न ते फ्लोरेन्स हा प्रवास जमल्यास एकाच तिकिटावर घ्या. पहिल्या गाडीच्या उशिरामुळे मिलानची गाडी हुकली तर पुढे पोहोचवण्याची जबाबदारी रेल्वेवर राहते. दोन कंपन्यांची वेगवेगळी तिकिटं असतील तर मिलानला मध्ये किमान एक तास ठेवा.

इटली आणि फ्रान्समध्ये संप होतात. तिकडे ते आधी जाहीर करून होतात, त्यामुळे निघण्याआधीच्या आठवड्यात एकदा बातम्या चाळल्या तर अंदाज येतो. इटलीत संपाच्या दिवशीही, कामाच्या वारी, सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात ठरावीक प्रादेशिक गाड्या सोडाव्याच लागतात. यातून एक गोष्ट ठरवून टाका: शेवटची रात्र विमानतळाच्या शहरातच. रोमच्या तेर्मिनी स्थानकाहून फ्युमिचिनो विमानतळावर लिओनार्दो एक्सप्रेस ३२ मिनिटांत पोहोचवते, आणि ती नसली तर टॅक्सी आहे. फ्लोरेन्सहून सकाळी निघून दुपारचं विमान पकडायचा बेत केलात आणि नेमका त्याच दिवशी संप निघाला, तर टॅक्सीला पावणेतीनशे किलोमीटरहून जास्त रस्ता कापावा लागेल.